तंबाखूच्या रकान्यातलं 'नाही'

आयुर्विम्याच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास असतो : तुम्ही तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का, पूर्वी कधी घेतली आहे का? त्याच्याच आसपास दुसरा असतो : जिवाला धोका होईल असा तुमचा काही छंद किंवा खेळ आहे का? आपल्याकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरं फार वेळा ते विचारण्याआधीच ठरलेली असतात. एजंट स्वतःच 'नाही... नाही...' असं पुटपुटत पुढच्या पानावर जातो, समोरचा मान डोलावतो, तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. कुणी शंका काढलीच तर ठरलेलं वाक्य तयार असतं : "अहो, कंपनीला काय कळतंय!"

माझं म्हणणं असं की त्या दोन रकान्यांत खरंच लिहिलं पाहिजे, पूर्ण लिहिलं पाहिजे, आणि ते कंपनीवर उपकार म्हणून नव्हे. आयुर्विम्याच्या करारात सही एकाची असते आणि जाब दुसऱ्याला विचारला जातो. क्लेमच्या दिवशी सही करणारा हयात नसतो. त्याने लिहिलेल्या, किंवा त्याच्या नावावर लिहिल्या गेलेल्या, 'नाही'बद्दल त्याच्या बायकोला विचारतात, म्हाताऱ्या आईला विचारतात, नुकत्याच कॉलेजात गेलेल्या मुलीला विचारतात. त्यांना तो फॉर्म कधी भरला गेला हेही अनेकदा ठाऊक नसतं. म्हणून खोटं बोलू नका, हे मी कळकळीने सांगतो आहे. पण तितक्याच कळकळीने हेही सांगायचं आहे की खोट्याला सुरुवातीला मोकळं रान द्यायचं आणि माणूस गेल्यावर त्याची शिक्षा भलत्यालाच करायची, ही आजची पद्धत बदलली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींना सोडून बोलल्या तर त्यातली एक नुसता उपदेश होते आणि दुसरी नुसती तक्रार.

आधी हे खोटं तयार कसं होतं ते पाहू. ते एकट्या अर्जदाराचं क्वचितच असतं. पस्तिशीतला मुलगा ऑफिसच्या खाली दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढतो, घरी कुणाला माहीत नाही. एजंट येतो रविवारी सकाळी, वडिलांच्या ओळखीचा. वडील समोरच्या खुर्चीत, आई पोहे घेऊन उभी. त्या खोलीत "सिगारेट ओढतोस का रे?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळणारच नाही. गावाकडे चित्र वेगळं, पण निकाल तोच. बाई पंचवीस वर्षं सकाळी उठून मशेरी लावते. तिला ते व्यसन वाटत नाही, घरातल्या कुणालाच वाटत नाही, दात घासण्यासारखंच ते. फॉर्म इंग्रजीत, सही मराठीत, आणि 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' असं लिहिलेल्या जागी एजंटची किंवा त्याच्यासोबत आलेल्या माणसाची सही. मशेरीबद्दल तिला कुणी विचारलं का? बहुधा नाहीच. आणि आता तर टॅबवर फॉर्म भरतात, मोबाइलवर ओटीपी येतो, तो सांगितला की झाली सही.

महाराष्ट्रात हा प्रश्न किती मोठा आहे याचा अंदाज 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातून येतो. त्यात राज्यातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. धूम्रपान करणारे त्यात फक्त 3.8 टक्के. चघळणारे, मळणारे, दाताला लावणारे 24.4 टक्के, काही जण दोन्ही करणारे. बायकांमध्येही धूरविरहित तंबाखूचं प्रमाण 16.6 टक्के होतं. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. विदर्भात खर्रा आहे, पश्चिम महाराष्ट्रात मावा आहे, आणि गायछाप व चुन्याची डबी तर खिशात अशी असते की ती पुढे करणं हा पाहुणचार ठरतो. म्हणजे विम्याच्या फॉर्मवरचा हा प्रश्न आपल्या राज्यात साधारण चौघांतल्या एकाला लागू आहे, आणि तो सिगारेटपुरता समजला की त्यातले बहुतेक जण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणून मोकळे होतात. टर्म प्लॅन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घेताना बहुतेक कंपन्या मागच्या बारा महिन्यांतली तंबाखू विचारतात, काही त्याच्याही मागे जातात. आणि ओढलेली, चघळलेली, लावलेली, सगळी तंबाखू त्यात येते.

कंपनी हे विचारते कशाला? विमा म्हणजे मोठी भिशी आहे, फक्त ती कुणाला लागणार हे मृत्यू ठरवतो. ज्याच्या बाबतीत लवकर लागण्याची शक्यता जास्त, त्याची वर्गणी जास्त. नाहीतर बाकीच्यांवर अन्याय. तंबाखू घेणाऱ्याला टर्म प्लॅनचा हप्ता वयानुसार दीडपटीच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पडतो. समजा, न घेणाऱ्याला वर्षाला 12 हजार रुपये पडतात आणि घेणाऱ्याला 18 हजार. फरक महिन्याला पाचशे रुपयांचा. एक कोटीचं छत्र डोक्यावर असावं म्हणून माणूस विमा घेतो आणि महिन्याच्या पाचशे रुपयांसाठी त्या छत्राला स्वतःच भोक पाडतो. हे मला दरवेळी तितकंच अनाकलनीय वाटतं. शिवाय जी वर्गणी त्याने चुकवली ती कंपनीच्या मालकाने भरलेली नसते. ती भरतो त्याच्यासारखाच दुसरा कुणी पगारदार, ज्याने फॉर्मवर खरं लिहिलं किंवा ज्याने तंबाखूला हातच लावला नाही.

आणि "कंपनीला काय कळतंय" हे वाक्य खरंही नाही. निकोटीन शरीरातून काही तासांत उतरतं, पण शरीर त्याचं जे कोटिनिन बनवतं ते लघवीत काही दिवस सापडतं. सिगारेट असो, मशेरी असो वा खर्रा, कोटिनिनला फरक पडत नाही. एलआयसीच्या टर्म प्लॅनमध्ये धूम्रपान न करणाऱ्यांचा स्वस्त दर हवा असेल तर लघवीची ही तपासणी करून घ्यावी लागते. नाही केली तर धूम्रपान करणाऱ्यांचा दर लागतो. ही पद्धत मला सगळ्यांत सरळ वाटते. जे काय आहे ते पहिल्याच दिवशी समोर येतं.

पण सगळ्याच पॉलिसींना तपासणी नसते. वय कमी, रक्कम मर्यादित असली की मेडिकल होत नाही, फॉर्मवरच्या शब्दावर पॉलिसी मिळते. मेडिकल झालं तरी कधी ते फोनवरच्या प्रश्नोत्तरांवर भागतं. अशा ठिकाणी खोटं खपून जातं, आणि मग ते कुठे बाहेर येतं ते ऐका.

रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून माणसाला हॉस्पिटलात आणतात. कॅज्युअल्टीत निवासी डॉक्टर घाईघाईने विचारतो : बीपी आहे? शुगर? आधी कधी झालं होतं? काही व्यसन? बायको स्ट्रेचरची दांडी धरून उभी असते. ती काहीच लपवत नाही. "तंबाखू खातात, वीस वर्षं झाली असतील." डॉक्टर केस पेपरवर तेवढी एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. माणूस वाचत नाही. काही महिन्यांनी कंपनीचा तपासनीस हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून त्या केस पेपरची झेरॉक्स घेऊन जातो. नवरा वाचावा म्हणून बायकोने सांगितलेलं खरं आणि हप्ता वाचावा म्हणून नवऱ्याने लिहिलेलं खोटं, असे दोन कागद एकाच फाइलमध्ये लागतात. क्लेम नाकारल्याचं पत्र येतं तेव्हा त्यात तिच्याच तोंडचं वाक्य पुरावा म्हणून छापलेलं असतं. त्या बाईला आयुष्यभर वाटत राहतं की आपण तेव्हा बोललो नसतो तर बरं झालं असतं. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी म्हणेन की फॉर्मवर खरं लिहा.

यावर एक पळवाट कायम सांगितली जाते : "तीन वर्षं काढा, मग कुणी काही करू शकत नाही." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. विमा कायदा 1938 च्या कलम 45 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षं झाली की कुठल्याही कारणाने तिच्यावर प्रश्न उभा करता येत नाही, फसवणुकीच्या कारणानेसुद्धा नाही. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, आणि फसवणूक सिद्ध झाली तर मुदतीनंतरही पॉलिसी उलटवता यायची. तीन वर्षांचं हे संरक्षण चांगलं आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण त्यातली मेख अशी की तीन वर्षं नुसती पॉलिसीच्या तारखेपासून मोजत नाहीत. पॉलिसी लॅप्स झाली आणि थकलेले हप्ते भरून पुन्हा चालू केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. कोविडच्या काळात कितीतरी घरांत हप्ते थकले होते, पॉलिसी पुढे चालू करताना तब्येतीचं नवं डिक्लरेशन द्यावं लागलं, आणि तिथे पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच 'नाही'. नंतर जोडलेल्या रायडरची, म्हणजे मूळ पॉलिसीला लावलेल्या जादा संरक्षणाचीही, मुदत वेगळी. आणि मुळात मृत्यूला तारीख देऊन थांबायला सांगता येत नाही. पहिल्या तीन वर्षांत गेलेला माणूस अनेकदा तरुण असतो, घराचं कर्ज नुकतंच सुरू झालेलं असतं, मुलं लहान असतात. विमा ज्याच्यासाठी घ्यायचा ती वेळ नेमकी हीच.

तीन वर्षांच्या आत कंपनीने खोटं पकडलं तर दोन रस्ते असतात. तिने फसवणूक म्हटलं तर क्लेम जातो. नुसती चुकीची माहिती किंवा महत्त्वाची गोष्ट न सांगणं असं म्हटलं तर क्लेम नाकारून भरलेले हप्ते परत करावे लागतात. म्हणजे एक कोटीऐवजी दोन हप्त्यांचे चोवीस हजार. वर फसवणुकीचा आरोप खोडून काढायची जबाबदारी, विमेदार हयात नसेल तर, कायद्याने वारसांवर टाकली आहे. जो माणूस सांगू शकला असता तोच नाही आणि जिला काही ठाऊक नाही तिने सिद्ध करायचं.

"तंबाखूचा आणि मृत्यूचा काय संबंध?" हा युक्तिवादही ऐकायला मिळतो. माणूस गेला ट्रकखाली येऊन, आणि कंपनी म्हणते सिगारेट लपवली. हा युक्तिवाद कधी चालतो. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात क्लेम द्यायला लावला, कारण लपवलेलं दुखणं मणक्याचं होतं आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. पण त्याच न्यायालयाने 2019 साली आधीची दुसरी पॉलिसी लपवली एवढ्यावरून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं. 2020 च्या एका निकालात माणूस पॉलिसी घेतल्यावर थोड्याच दिवसांत गेला होता, हॉस्पिटलच्या कागदांत दारूचा आणि जुन्या दुखण्याचा उल्लेख होता. न्यायालयाने कंपनीची बाजू मान्य केली. फक्त वारस सत्तर वर्षांची आई होती आणि पैसे तिला आधीच मिळाले होते, म्हणून ते परत घेऊ नयेत असा आदेश दिला. न्यायमूर्तींना त्या आईची कणव आली, ही मोठी गोष्ट. पण कुणाच्या तरी आईने तेवढ्या दरवाजापर्यंत जावं लागणं हीच मुळात चूक आहे.

छंदांची गोष्ट तंबाखूपेक्षा वेगळी आहे. तंबाखू लाजेने लपवतात. छंद अभिमानाने इन्स्टाग्रामवर टाकतात आणि फॉर्मवर मात्र विसरतात. पावसाळ्यात राजगड, लोहगड चालत जाणं याला बहुतेक कंपन्या काही म्हणत नाहीत. पण जो माणूस लिंगाण्यावर दोर लावून चढतो, कोकणकड्यावरून रॅपलिंग करतो, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकतो, दर उन्हाळ्यात हिमालयात सहा हजार मीटरच्या वर जातो, त्याने ते लिहायलाच हवं. आपल्याकडे गिर्यारोहण आता मूठभरांचं राहिलेलं नाही. 2012 साली पुण्याच्या गिरिप्रेमीची तुकडी एव्हरेस्टवर पोचली, तेव्हापासून तर कितीतरी तरुण मुलंमुली उत्तरकाशीला, मनालीला जाऊन रीतसर कोर्स करून येतात. हीच मुलं पहिली नोकरी लागली की टर्म प्लॅन घेतात. त्यांना मला सांगायचं आहे की खरं लिहिण्याचा त्यांना तोटा कमी आणि फायदा जास्त आहे. 'हो' लिहिलं की कंपनी वेगळी प्रश्नावली पाठवते : किती उंचीपर्यंत जाता, वर्षातून किती वेळा, दोर वापरता का, एकटे जाता की संस्थेबरोबर, प्रशिक्षण घेतलं आहे का. उत्तरं पाहून ती काही वेळा नेहमीच्याच दराने पॉलिसी देते, काही वेळा विम्याच्या रकमेवर दर हजारी थोडा जादा हप्ता लावते, काही वेळा त्या छंदातला मृत्यू वगळते. वगळला तर ते पॉलिसीत लिहिलेलं दिसतं. मग पटलं नाही तर दुसऱ्या कंपनीकडे जाता येतं, किंवा संस्थेमार्फत मोहिमेपुरता वेगळा विमा घेता येतो. निर्णय तुमच्या हातात राहतो. 'नाही' लिहिलं की तो निर्णय तपासनीसाच्या हातात जातो, आणि कड्याखालचा पंचनामा काही छंद लपवत नाही.

अपघाती मृत्यूच्या रायडरबद्दल मात्र सगळ्यांनीच सावध असावं. मूळ पॉलिसीत मृत्यू कशानेही झाला तरी पैसे मिळतात, पहिल्या वर्षातली आत्महत्या आणि पॉलिसीत लिहून वगळलेलं काही असेल तर तेवढं सोडून. पण रायडरमध्ये धोक्याचे खेळ बहुतेक ठिकाणी सरसकट वगळलेले असतात, तुम्ही ते जाहीर केलेले असोत वा नसोत. मालवणला एकदाच स्कूबा करणाऱ्यालाही हे लागू होऊ शकतं. आणि गोविंदांचं काय? राज्य सरकारने 2022 साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. दादर-ठाण्याच्या एखाद्या पथकात दरवर्षी सातव्या थरावर चढणारा मुलगा आपल्या विम्याच्या फॉर्मवर 'धोक्याचा छंद'समोर काय लिहितो? मंडळामार्फत त्या दिवसापुरता गोविंदांचा विमा असतो, त्यावर तो निर्धास्त असतो. पण त्याच्या स्वतःच्या पॉलिसीचा फॉर्म भरताना हा प्रश्न त्याला कुणी समजावून सांगितलेला नसतो.

एक शंका अनेकांच्या मनात असते : पॉलिसी घेतल्यानंतर सिगारेट लागली किंवा चढाई सुरू केली तर? करार होतो त्या दिवसापर्यंतची परिस्थिती खरी सांगणं हे तुमचं कर्तव्य. फॉर्म भरल्यावर आणि पॉलिसी हातात येण्याआधी काही बदललं तर तेही कळवायला हवं. त्यानंतर बदललेल्या सवयीमुळे मूळ जीवनविमा सहसा बाधत नाही, पॉलिसीच्या अटींत तसं वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे खरं बोलणाऱ्याला कायदा पुढच्या आयुष्याची मोकळीक देतो.

आता कंपन्यांकडे वळतो. "कंपन्या क्लेम बुडवायलाच बसल्यात, मग आपणच का खरं बोलायचं?" असं लोक म्हणतात. आकडे या रागाला पूर्ण साथ देत नाहीत. 2022-23 मध्ये वैयक्तिक पॉलिसींचे 98 टक्क्यांहून जास्त मृत्यू-क्लेम विमा कंपन्यांनी दिले, असं विमा नियामकाचाच अहवाल सांगतो. सगळ्या कंपन्या लुबाडतात असं मी म्हणणार नाही. पण जे दोन टक्क्यांच्या आत येतात त्यांच्या घरात टक्केवारीने चूल पेटत नाही, आणि त्यांच्यावर जी वेळ येते तिच्यात कंपनीचाही वाटा असतो.

तो वाटा असा : पॉलिसी देताना चौकशी करायला वेळ नसतो, क्लेम आल्यावर मात्र तपासनीस हॉस्पिटलं, पानटपऱ्या, शेजारीपाजारी पालथे घालतो. हीच चौकशी, हीच लघवीची तपासणी पहिल्या दिवशी का नाही? कमी दर हवा असेल तर तपासणी करा, नको असेल तर जादा दर भरा, हा नियम सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या टर्म प्लॅनना लावला तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत. खर्च कंपनीने करावा. एका नाकारलेल्या क्लेमच्या वकिलाची फी त्याहून मोठी असते. आणि जिथे तपासणी शक्य नाही तिथे प्रश्न अर्जदाराच्या भाषेत, नावं घेऊन विचारावेत : मशेरी लावता का, मावा-खर्रा खाता का, विडी, तपकीर, हुक्का, वेप. विचारणारा एजंट नसावा, घरच्यांपासून दूर फोनवर विचारावं, आणि ते रेकॉर्डिंग अर्जदाराला मिळावं. काही कंपन्या फोनवर पडताळणी करतातच, पण ती इतक्या भरभर की माणूस 'हो, हो, नाही, नाही' म्हणत ओटीपी सांगून टाकतो.

दुसरा वाटा एजंटचा. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर त्याचं कमिशन असतं. 'हो' लिहिलं की मेडिकल लागतं, हप्ता वाढतो, गिऱ्हाईक बिथरतं. म्हणून तो 'नाही' लिहितो आणि क्लेमच्या वेळी नामानिराळा राहतो. कलम 45 च्या स्पष्टीकरणात एक वाक्य आहे जे फार कमी वारसांना माहीत असतं : विम्यासाठी बोलणी करणारा माणूस करारापुरता कंपनीचाच प्रतिनिधी मानला जातो. आणि लपवलेली गोष्ट कंपनीला ठाऊक होती असं दाखवता आलं तर फसवणुकीच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. म्हणजे ज्याच्याबरोबर तुम्ही दहा वर्षं तंबाखू मळून खाल्ली त्यानेच तुमचा फॉर्म भरला असेल, तर 'कंपनीला माहीत नव्हतं' हे म्हणणं कायद्यातही लंगडं पडायला हवं. अडचण इतकीच की नंतर एजंट तसं लिहून देत नाही. म्हणून फॉर्म कुणी भरला, प्रश्न कुणी वाचले, याची नोंद सक्तीची हवी, आणि खोटं भरणाऱ्या एजंटची एजन्सी जायला हवी. आज शिक्षा होते ती फक्त विधवेला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या कायद्यात सगळं किंवा काहीच नाही. ब्रिटनने 2012 साली ग्राहकांच्या विम्यासाठी नवा कायदा केला. त्यात मुद्दाम खोटं बोलणारा आणि निष्काळजीपणे चुकीचं सांगणारा असा फरक केला आहे. मुद्दाम फसवलं तर काहीच मिळत नाही. पण चूक निष्काळजीपणाची असेल आणि खरं कळलं असतं तर कंपनीने फक्त जास्त हप्ता घेतला असता, तर क्लेम हप्त्याच्या प्रमाणात मिळतो. आपल्या वरच्या उदाहरणात 18 हजारांऐवजी 12 हजार भरले, म्हणजे दोन तृतीयांश. तर एक कोटीचे सुमारे 66 लाख वारसाला मिळतील. दंडही झाला आणि घरही वाचलं. मशेरी लावणाऱ्या बाईचं 'नाही', एजंटने न विचारता टाकलेलं 'नाही', ही प्रकरणं या दुसऱ्या प्रकारात बसतात. खरं तर कलम 45 मध्येच म्हटलं आहे की, ती गोष्ट कळली असती तर पॉलिसीच दिली नसती, हे कंपनीने दाखवायला हवं. तंबाखू खाणाऱ्याला कंपन्या रोज पॉलिसी देतात, जादा दराने. मग त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर नुसत्या तंबाखूवरून क्लेम पूर्ण नाकारणं बसतंच कसं? कंपन्या म्हणतात, 'त्या दराने दिली नसती.' हा वाद वर्षानुवर्षं ग्राहक आयोगांत भिजत पडतो. कायद्यात प्रमाणशीर भरपाईचा नियम स्पष्ट लिहिला तर तो एका परिच्छेदात मिटेल.

याने लोक जास्तच खोटं बोलतील, अशी भीती घातली जाते. मला ती पटत नाही. ठरवून फसवणाऱ्याला या नियमातही काही मिळणार नाही, आणि पहिल्या दिवशी तपासणी झाली तर खोट्याला जागाच उरणार नाही. ज्यांना जादा हप्ता खरोखर झेपत नाही त्यांच्यासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना आहेच : वर्षाला 436 रुपये, दोन लाखांचं संरक्षण, मेडिकल नाही. रक्कम थोडी आहे, पण तिच्यासाठी कुणाला सवय लपवावी लागत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ज्यांच्या कपाटात असं 'नाही' लिहिलेली पॉलिसी आहे त्यांनी ती आजच काढून पाहावी. पॉलिसीबरोबर भरलेल्या फॉर्मची प्रत येते; ती वाचायला कुणी बसत नाही, पण क्लेमच्या वेळी तोच कागद बोलतो. पॉलिसी नवी असेल तर हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करून खरी माहिती देऊन नवी घेता येते. तीस दिवस उलटले असतील तर कंपनीला लेखी कळवता येतं : अमुक प्रश्नाचं उत्तर चुकीचं गेलं आहे, खरी स्थिती अशी आहे. कंपनी जादा हप्ता मागेल किंवा पॉलिसी रद्दही करेल. म्हणून आधी खरी माहिती देऊन दुसरी पॉलिसी मंजूर करून घ्यावी, त्या फॉर्मवर पहिल्या पॉलिसीचाही उल्लेख करावा, आणि मगच पत्र पाठवावं. तंबाखू सोडली असेल तर कोणत्या महिन्यात सोडली ते लिहावं. वर्ष उलटल्यावर काही कंपन्या कमी दराचा विचार करतात. क्लेम नाकारला गेलाच असेल तर वारसांनी पत्र घेऊन गप्प बसू नये. पुणे आणि मुंबईला बीमा लोकपालांची कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. त्याहून मोठ्या क्लेमसाठी ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. तिथे पहिला प्रश्न हाच विचारायचा : हा फॉर्म भरला कुणी, आणि हा प्रश्न त्या माणसाला कुठल्या भाषेत विचारला होता?